गोलकीपरची जागा

आमची लेक घरात फार बोलत नाही. बोलते तेव्हा इंग्रजीत. मराठी तिला सगळं कळतं, मी ओट्याशी उभी राहून पुटपुटते तेसुद्धा कळतं, पण उत्तर इंग्रजीत आणि चार शब्दांत येतं. म्हणून तिला पहिल्यांदा मैदानावर ऐकलं तेव्हा मी दचकलेच. हेल्मेटच्या जाळीमागून ती घसा ताणून ओरडत होती आणि तिच्याहून हातभर उंच मुली तिच्या हुकमाबरोबर डावीकडे-उजवीकडे पळत होत्या. शेजारी बसलेल्या नवऱ्याला मी विचारलं, ही आपलीच ना? तो हसला नाही. त्याचे डोळे भरून आले होते.

खेळाचं नाव लॅक्रोस. दोह्याला येईपर्यंत मी ते ऐकलंही नव्हतं. लांब दांडा, त्याच्या टोकाला जाळीची झोळी, त्या झोळीत चेंडू झेलत पळवत न्यायचा आणि समोरच्यांच्या गोलात फेकायचा. चेंडू रबरी, पण लागला तर आठवडाभर हिरवानिळा डाग राहतो. गोलात उभ्या असलेल्या मुलीला सगळं मैदान दिसतं, म्हणून चेंडू कुठं आहे, कुणी कुणाला अडवायचं, हे तिनंच ओरडून सांगायचं असतं. लेक अमेरिकन शाळेत गेली ती नवऱ्याच्या कंपनीच्या कृपेनं. तिथल्या एका अमेरिकन शिक्षिकेनं सामानातून काठ्या आणल्या होत्या, तिला गोलात उभं राहायला कुणी मिळेना, आणि आमची ही नाही म्हणायला लाजली. इतक्या साध्या गोष्टीतून सगळं सुरू झालं.

नववीत असताना एकदा जेवताना तिनं सांगितलं की तिला अमेरिकेत कॉलेजच्या टीममध्ये खेळायचंय. मी आमटी वाढत होते. मला वाटलं, या वयात मुलं काहीही म्हणतात. पण नवऱ्यानं घास खाली ठेवला आणि विचारलं, त्यासाठी काय करावं लागतं?

नवरा बांधकाम कंपनीत प्लॅनिंग इंजिनीअर आहे. कुठलं काम कुठल्या तारखेला संपलं पाहिजे याचे तक्ते बनवणं हीच त्याची भाकरी. साइटवर कुणी तारीख न देता नुसतं 'इन्शाल्ला' म्हटलं की तो घरी येऊन तासभर धुसफुसतो. अशा माणसाच्या हाती एक नवीन प्रोजेक्ट पडला. पंधरा दिवसांत त्याला मला समजावून सांगण्याइतकं सगळं कळलं होतं. तिकडं कॉलेजचे कोच खेळाडू आधीच हेरून ठेवतात, शाळा संपायच्या दोन-दोन वर्षं आधी. पण अकरावीचा सप्टेंबर उजाडेपर्यंत मोठ्या टीमचा कोच मुलीशी थेट बोलूच शकत नाही, तसा नियम आहे. तोवर मुलीनं आपण होऊन मेल लिहायची, खेळाचे व्हिडिओ पाठवायचे, उन्हाळ्यात तिकडच्या कॅम्पला जाऊन दिसायचं. आणि गोलकीपर साधारण वर्षाला एकच घेतात. पळणाऱ्या मुली पाच-सहा घेतील, गोलात उभी राहणारी एकच. ती जागा भरली की त्या कॉलेजचं दार त्या वर्षापुरतं बंद.

मग अल थुमामातल्या आमच्या फ्लॅटमध्ये दोन वर्षं दुसरा विषय नव्हता. नवरा शाळेच्या मॅचला तिवई घेऊन जाई. पहिला व्हिडिओ त्यानं इतक्या जवळून घेतला होता की लेकीच्या हेल्मेटखेरीज काही दिसत नव्हतं, आणि मागं बासरी लावली होती. लेकीनं तो एकदाच पाहिला आणि मान खाली घालून इतकंच म्हणाली, "बाबा, नो फ्लूट." दुसऱ्या खेपेला त्याला जमलं. पण तिची खरी अडचण व्हिडिओची नव्हतीच. दोह्यात खेळायला समोर कोण? दोन शाळा, आणि हौसेनं येणाऱ्या काही गोऱ्या आया. तू कुणाविरुद्ध खेळतेस, असं एका छोट्या टीमच्या कोचनं, ज्यांना तो नियम लागू नव्हता, कॅम्पच्या जाहिरातीची मेल पाठवताना खाली विचारलं होतं. लेकीनं खरं ते लिहिलं. पुन्हा उत्तर आलं नाही.

दहावीच्या सुट्टीत मी तिला घेऊन अमेरिकेला कॅम्पला गेले. व्हिसासाठी केलेली वणवण सांगत बसत नाही. मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून आईबाप बसले होते. प्रत्येकाजवळ थंड पेयांची पेटी, प्रत्येकाला प्रत्येक कोच तोंडओळखीचा. आमच्याकडे पाण्याची एक बाटली आणि पुड्यातली चकली. दोन दिवस आमच्याशी कुणी बोललं नाही. मला तिथं इतकं परकं वाटलं की उठून लेकीला घेऊन पळून यावंसं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी टोपी घातलेल्या एक बाई गोलाच्या मागं येऊन उभ्या राहिल्या आणि हलेचनात. एका लहानशा शहरातल्या कॉलेजच्या त्या कोच होत्या. नियमामुळे त्या लेकीशी बोलल्या नाहीत, पण जाताना माझ्या खुर्चीपाशी थांबल्या. त्यांनी एकच वाक्य सांगितलं: या मुलीचा आवाज मला पार्किंगमध्ये ऐकू आला म्हणून मी आले. मी ते वाक्य परतीच्या विमानात मनातल्या मनात इतक्यांदा घोळवलं की झोप लागली नाही.

त्याच वर्षी, उन्हाळ्याआधी, माझे सासरे वारले होते. नवरा धावतपळत साताऱ्याला गेला, पण शेवटची भेट झाली नाही. पुढं जे घडलं ते समजायला सासऱ्यांची एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या नणंदेला पाहायला मंडळी आली होती तेव्हा सासऱ्यांनी चहाचे कप उचलायच्या आत होकार देऊन टाकला. स्थळ चांगलं होतं, त्यांना आनंद मावेना. पण समोरच्यांनी ओळखलं की हे लोक अडलेले आहेत. नणंदेला त्या घरानं पुढं जन्मभर अडलेल्यांची मुलगी म्हणूनच वागवलं. सासरे ते कधी विसरले नाहीत. आजारपणात फोनवरसुद्धा ते नवऱ्याला सांगायचे की त्या दिवशी मी म्हणायला हवं होतं, घरी विचारून कळवतो. आमच्याकडे मानानं होकार द्यायचा असला तरी आधी हेच म्हणतात. आणि नकार द्यायचा असला तरीही हेच म्हणतात, कारण तोंडावर नाही कुणी म्हणत नाही. पुढचं पुढच्यानं समजून घ्यायचं असतं.

सप्टेंबर लागला त्याच दिवशी त्या टोपीवाल्या बाईंची मेल आली. व्हिडिओ कॉल ठरला तो आमच्या गणपतीच्या दिवसांत, विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी. आमच्याकडे संध्याकाळ म्हणजे त्यांच्याकडे सकाळ. नवऱ्यानं सोफ्याचं कव्हर बदललं. लेकीला गजरा तेवढा माळायचा राहिला, असं मी म्हणाले तर तो माझ्यावर उखडला. मखर दिसू नये म्हणून खुर्ची फिरवली, मग दिसलेलं बरं म्हणून परत फिरवली. आणि कॉलच्या आधी त्यानं लेकीला समोर बसवून शिकवलं. नीट बोलायचं, हसायचं, खेळाबद्दल विचारतील ते सांगायचं. पण त्या येतेस का म्हणून विचारू लागल्या तर लगेच हुरळायचं नाही.

"म्हणायचं, घरी विचारून कळवते," तो म्हणाला.

कॉल छान चालला होता. नवरा कॅमेऱ्यात न दिसेल असा बाजूला बसला होता, मी स्वयंपाकघराच्या दारात. बाई मोकळ्या, हसऱ्या. त्यांनी दोह्यातल्या उन्हाबद्दल विचारलं, अभ्यासाचं विचारलं, मग सरळ सांगितलं की तुझ्या वर्षासाठी गोलकीपर म्हणून तू मला हवी आहेस. माझ्या यादीत आणखी एक मुलगी आहे, पण पहिलं तुला विचारतेय. मग त्यांनी विचारलं, तुला यायचंय का?

माझ्या लेकीचा सगळा चेहरा उजळला. तोंडात 'यस' आलेलं मला दारातून दिसलं. मग तिनं मान वळवून बापाकडे पाहिलं. त्यानं हात जरासा खाली दाबल्यासारखा केला, हळू, असं. ती पुन्हा स्क्रीनकडे वळली तेव्हा तिचा आवाज घरातला झाला होता. तिनं पढवलेलं वाक्य इंग्रजीत म्हटलं. जरूर, असं बाई म्हणाल्या, पण फार वेळ लावू नकोस. ज्या मुलीचा आवाज पार्किंगमध्ये ऐकू गेला, ती हीच का, असं त्यांना वाटलं असणार. मला तर तसंच वाटलं.

कॉल संपल्यावर नवऱ्यानं तिला जवळ घेतलं, मला जवळ घेतलं, मखरापुढं हात जोडले. सासूबाईंना फोन लावला. मी म्हटलं, अहो, आता उद्याच हो कळवून टाका, परवापासून पक्ष लागतोय. त्याचं म्हणणं पडलं की दुसऱ्याच दिवशी हो म्हणणं बरं दिसत नाही, त्यांना वाटेल हिच्याकडे दुसरं काहीच नाही. मी म्हटलं, पण नाहीच आहे. तो म्हणाला, ते त्यांना कशाला कळायला हवं?

आणि पक्ष लागला.

पितृपंधरवड्यात शुभकार्य ठरवायचं नाही हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. माझ्या माहेरी या दिवसांत नवी चप्पलसुद्धा कुणी घेत नाही. पण दोह्यात आल्यापासून आम्ही हे सगळं बरंच सैल केलं होतं. नवऱ्याला एरवी पक्ष कधी लागला आणि कधी सुटला याचा पत्ता नसायचा. मात्र सासरे गेल्यावरचा हा पहिला पक्ष. सासूबाई फोनवर म्हणाल्या की पोरीच्या आयुष्याचं एवढं मोठं ठरवायचं तर घटस्थापनेला कळवा, हे दिवस जाऊ द्या. त्यांनी आग्रह केला नव्हता, नुसतं म्हणाल्या होत्या. नवऱ्यानं ते बापाचाच शब्द असल्यासारखं उचललं.

मी भांडले. चारचौघांत मी त्याला अहो म्हणते आणि भांडताना अरे, त्यामुळे लेकीला दाराआडूनही कळतं की काय चाललंय.

"अरे, हे स्थळ नाही. कॉलेज आहे," मी म्हटलं. "तिकडच्या बाईंना तुझा पक्ष काय माहीत?"

"माझ्या बाबांचं पहिलं वर्ष आहे," तो म्हणाला.

बापाच्या शेवटच्या क्षणाला पोचू न शकलेला माणूस समोर बसलेला. मी लेकीच्या खोलीत गेले आणि तिला सांगितलं की तूच लिही त्यांना, बाबांना मी बघते. तिनं फोन उलटा ठेवला. "इट्स फाइन, आई," ती म्हणाली. "बाबा सेड वेट." मैदानावर पाच-सहा मुलींना एका हाकेत हलवणारी माझी मुलगी, आणि घरात बापानं थांब म्हटल्यावर थांबली. हे वळण आम्हीच लावलं होतं आणि लोकांकडून त्याचं कौतुकही करून घेतलं होतं.

तिथीच्या दिवशी मी अल नस्रच्या किराणा दुकानातून केळीचं पान आणलं. वडे, खीर, भाजी, सगळं साग्रसंगीत केलं. गॅलरीत पान ठेवलं. आमच्या भागात कावळा दिसत नाही. साळुंक्या मात्र भरपूर, त्या येऊन वड्यावर तुटून पडल्या. नवरा काचेच्या दारामागं हात जोडून उभा होता आणि कावळ्याची वाट पाहत होता. शेवटी मीच म्हटलं, खलास, घेतलं त्यांनी, आता जेवून घ्या.

त्याच आठवड्यात बाईंची दोन ओळींची मेल आली. काही प्रश्न असतील तर विचार, मला तुझ्याकडून ऐकायला आवडेल. नवरा खूश. बघ, म्हणाला, पुन्हा विचारतायत, म्हणजे गरज त्यांनाही आहे. त्याच्या सांगण्यावरून लेकीनं आभार मानले आणि लिहिलं की आमचं घरी बोलणं चाललंय, लवकरच सांगते. साइटवर त्याला कुणी असं उत्तर दिलं असतं तर त्यानं त्याचं काम काढून दुसऱ्याला दिलं असतं. मी त्याला हे तोंडावर सुनावलं. मला वाटतं, त्यालाही तेव्हा भीती वाटायला लागली होती, पण आता मध्येच मोडायचं कसं, असं झालं असावं.

घटस्थापनेला सकाळी घट बसले. लेकीनं आंघोळ करून, देवाला नमस्कार करून, बापाच्या शेजारी बसून होकाराची मेल लिहिली. ती मेल तिची स्वतःची होती, त्यात आम्ही एक शब्द घातला नाही. तिनं लिहिलं होतं की त्या दिवशीच मला हो म्हणायचं होतं.

उत्तर संध्याकाळी आलं. यादीतल्या दुसऱ्या मुलीनं मागच्या आठवड्यात हो म्हटलं होतं आणि जागा भरली होती. तुझ्या उत्तरावरून मला वाटलं की तुला दुसरीकडे जायचंय आणि तू ते सभ्यपणे सांगतेयस, असं बाईंनी लिहिलं होतं. राग कुठेच नव्हता. शेवटी लिहिलं होतं की तुझा आवाज माझ्या लक्षात राहील, तो घालवू नकोस.

नवऱ्यानं मेल दोनदा वाचली, चष्मा काढला, पुसला, परत वाचली. लेक "ओके" म्हणाली आणि आत जाऊन तिनं भात गरम करायला ठेवला. मी तिच्या मागं गेले तर म्हणाली, तिला भूक लागलीय. तिनं खरंच पोटभर जेवण केलं. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.

त्यानंतर नवऱ्यानं रोज रात्रीच्या जेवणाआधी कॉलेजांना मेल पाठवायचा धडाका लावला. नाव तिचंच, पण आता लिहीत तो होता. कुणी लिहिलं की आमची गोलकीपर ठरली. बहुतेकांनी काहीच लिहिलं नाही. कॅम्पच्या जाहिराती मात्र न चुकता येत राहिल्या. त्यात हसऱ्या मुली, हिरवंगार गवत. त्याच्या कंपनीतही कुजबुज सुरू झाली होती, उन्हाळ्यानंतर काँट्रॅक्ट पुढं जाईल की नाही याची. आधी राहायचो त्या पुण्याला परत गेलो तर हा खेळ तिथं कुणाशी खेळणार होती ती? मला त्याचा राग येत होता आणि त्याची दयाही येत होती, आणि दोन्ही एकाच वेळी आलं की मी सरळ कपड्यांच्या घड्या घालायला बसायचे.

थंडीत शाळेच्या मॅच सुरू झाल्या. पहिल्या मॅचला मी नेहमीच्या जागी बसले. लेक गोलात उभी होती, पाय जागेवर, हात जागेवर, सगळं शिकवल्याप्रमाणे. पण आवाज नव्हता. तिच्या पुढच्या मुली मागं वळूनवळून बघत होत्या, कुठं जायचं ते त्यांना कळत नव्हतं. चेंडूमागून चेंडू आत गेले. शिक्षिका माझ्याकडे येऊन म्हणाल्या, घरी सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, घसा बसलाय तिचा. पुढच्याच्या पुढच्या मॅचला तिनं मला येऊ नकोस म्हणून सांगितलं. नंतर कळलं की ती मॅच ती खेळलीच नव्हती. हेल्मेट आणि पॅड तिनं शाळेला परत केले होते. बापाला तिनं सांगितलं नव्हतं. मला म्हणाली, तूही सांगू नकोस.

आणि फेब्रुवारीत नवऱ्याला एक मेल आली. कुठल्यातरी अगदी छोट्या कॉलेजच्या कोचनी व्हिडिओ पाहिला होता. शब्द काही दिला नव्हता. यायचं असेल तर या, टीमबरोबर सराव करा, मग पाहू, इतकंच. पण नवऱ्याच्या अंगात पुन्हा जीव आला. त्या संध्याकाळी तो आम्हाला सूक वाकिफच्या जुन्या बाजारात घेऊन गेला, बाहेरच्या टेबलावर बसवलं, तिला आवडतात म्हणून कबाब मागवले. दोन वर्षांपूर्वी असायचा तसा भराभर बोलत होता. या वेळी चूक करायची नाही, म्हणत होता. आत्ता, इथं बसूनच उत्तर द्यायचं. त्यानं मेल उघडली आणि फोन तिच्यापुढं सरकवला.

"यल्ला, चल, लिही. हो म्हणून टाक," तो म्हणाला. मग, पहिल्यांदाच, त्यानं विचारलं, "तुला जायचंय ना? तुझ्या मनात काय आहे ते सांग."

लेकीनं फोनकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. फोन तिनं दोन बोटांनी हळूच त्याच्याकडे परत सरकवला आणि अगदी नीट, आदरानं, स्वच्छ मराठीत बोलली.

"घरी विचारून कळवते, बाबा."

नवरा आधी हसला, तिनं मराठीत उत्तर दिलं म्हणून. मग त्याचं हसू गेलं. साताऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला या उत्तराचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. त्यानं फोन खिशात ठेवला. कबाब आले तेव्हा लेकीनं आमच्या दोघांच्या ताटांत वाढले आणि मग स्वतः घेतले.